पित्ताच्या नावावर

रोज चहा किंवा कॉफी घेणाऱ्या माणसाने ती एकाएकी बंद केली, की बारा ते चोवीस तासांच्या आत डोकं धरतं. हे दुखणं अर्धशिशीसारखं एका बाजूला नसतं. दोन्ही कानशिलांपासून मागे मानेपर्यंत ते पसरतं, आणि खाली वाकलं किंवा जिना चढला की ठणका वाढतो. सोबत पेंग येते, अंग मोडून येतं, कामात मन लागत नाही. एरवी कानाआड गेल्या असत्या अशा गोष्टींवरून घरात शब्दाला शब्द लागतो. काहींना मळमळतं, काहींचे हातपाय ताप येण्याआधी दुखावेत तसे दुखतात. विसाव्या तासापासून पन्नासाव्या तासापर्यंत हे सगळं भरात असतं. मग उतार पडतो, आणि सुरुवातीपासून दोन ते नऊ दिवसांत सारं संपतं. शरीराला कुठलीही कायमची इजा होत नाही.

कॅफीन थांबल्यावर होणारा हा त्रास वैद्यकाला बराच आधीपासून माहीत होता. १९४३ साली ड्राइसबाख आणि फायफर या अमेरिकी संशोधकांनी निरोगी माणसांना काही दिवस कॅफीन देऊन ते अचानक बंद केलं आणि ही डोकेदुखी मुद्दाम घडवून दाखवली. १९९२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ६२ माणसांवर झालेला प्रयोग अधिक बोलका आहे. ही माणसं अट्टल कॉफीबाज नव्हती, त्यांचं रोजचं कॅफीन सरासरी २३५ मिलिग्रॅम होतं. दोन दिवस त्यांना कॅफीनऐवजी बिनऔषधी गोळी दिली, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांना मध्यम ते तीव्र डोकेदुखी झाली. मानसिक विकारांच्या अमेरिकी वर्गीकरणाच्या पाचव्या आवृत्तीत, २०१३ साली, या त्रासाला स्वतंत्र निदानाचं स्थान मिळालं.

मराठी घरात मात्र त्याला अजून स्वतःचं नाव नाही. तिथे तो पित्ताच्या नावावर खपतो.

हरतालिकेची संध्याकाळ डोळ्यांसमोर आणावी. निर्जळी उपवास धरलेल्या बाईने शेवटचा चहा आदल्या दिवशी पाचच्या सुमारास घेतलेला असतो. दुसऱ्या दिवशी गणपती यायचे, म्हणून नारळ खवायचे आहेत, सारण करायचं आहे, पूजेची भांडी घासायची आहेत. चार वाजल्यापासून कपाळ जड झालेलं असतं. सातला ती डोक्याला फडकं बांधून विळीवर बसते, आणि कुणी विचारलं तर म्हणते, ‘पित्त उसळलंय, दुसरं काही नाही.’ रात्री नीट झोप लागत नाही. सकाळी उपवास सुटतो, आल्याचा चहा पोटात जातो आणि अर्ध्यापाऊण तासात कपाळावरची पकड सुटते. घरातले म्हणतात, पोटात काहीतरी गेलं म्हणून बरं वाटलं. उपाशी आणि तहानलेलं राहण्यानेही डोकं दुखतंच, त्यामुळे हे म्हणणं निखालस खोटं नाही. पण मोठा वाटा चहाचा असतो, आणि त्याची खूण त्या अर्ध्यापाऊण तासात असते. कॅफीन पोटातून रक्तात चढायला जवळपास तेवढाच वेळ घेतं. एकादशीला किंवा संकष्टीला हीच बाई फारशी कुरकुर न करता उपवास करते, कारण त्या दिवशी बहुतेक घरांत चहा चालतो.

पर्युषणात फक्त उकळलेल्या पाण्यावर उपवास करणाऱ्या जैन घरांत दुसरा दिवस सर्वांत जड जातो. रमजानचा पहिला रोजाही असाच. पहिल्या रोजाच्या डोकेदुखीवर वैद्यकीय लेखन झालेलं आहे, आणि रमजान येण्याआधीच चहा-कॉफी हळूहळू कमी करत न्यावी असा सल्ला डॉक्टर देतात. ज्या दिवशी मन शांत ठेवायचं, त्याच दिवशी माणूस चिडचिडा होतो आणि स्वतःच्या श्रद्धेला किंवा ताकदीला दोष देतो. दोष यांपैकी कशाचाच नसतो, आणि हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं, याचं वाईट वाटतं.

पित्ताचं नाव पुढे होण्याचं कारण चहाच्या इतिहासात सापडतं. घरगुती औषधांची आणि दुखण्यांची आपली शब्दसंपत्ती जुनी आहे, चहा नवा. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे आणि इतर मंडळींच्या पुढ्यात चहा आला, त्यावरून ग्रामण्य माजलं आणि प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. वाद मिशनऱ्यांच्या हातचा चहा घेण्याचा होता, चहाचा नव्हता. तरी तेव्हा चहा ही शहरी, शिकलेल्यांच्या दिवाणखान्यातली वस्तू होती एवढं त्यातून कळतं. खेड्यापाड्यांत आणि मजूरवस्तीत तो पोचला विसाव्या शतकात. चहाउत्पादकांनी पैसा ओतून रेल्वे स्थानकांवर, बाजारांत आणि गिरण्यांत त्याचा प्रचार केला. १९३० च्या सुमारास आसामात पानं चिरडून, फाडून, वळून बारीक दाणे करण्याचं सीटीसी यंत्र आलं. त्या दाणेदार पुडीचा चहा झटपट उतरतो आणि थोड्या पुडीत गडद होतो, त्यामुळे तो गरिबालाही परवडू लागला. म्हणजे घरोघर चहा येऊन तीन-चार पिढ्यांहून जास्त काळ लोटलेला नाही. आजीच्या बटव्यात या नव्या दुखण्यासाठी कप्पाच नव्हता, म्हणून ते शेजारच्या जुन्या कप्प्यात जाऊन बसलं.

दुसरा एक समज यातूनच टिकून आहे: कॅफीन कॉफीत असतं, चहात नाही. १८१९ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ रुंगे यांनी कॉफीच्या बियांतून कॅफीन वेगळं काढलं. त्या बिया त्यांना महाकवी गटे यांनी दिल्या होत्या. १८२७ मध्ये चहातूनही तसाच पदार्थ मिळाला आणि त्याला ‘थेईन’ असं नाव पडलं. दोन्ही पदार्थ एकच आहेत हे १८३८ मध्ये सिद्ध झालं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शिकेनुसार १५० मिलिलिटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम, तेवढ्याच इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ आणि गाळून केलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफीन असतं. दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, असं ही मार्गदर्शिका सांगते. सकाळी उठल्यावर एक, न्याहारीबरोबर एक, अकराला कचेरीत एक, चारला एक आणि संध्याकाळी पाहुण्यांसोबत एक, असा साधा हिशेब मांडला तर बेरीज दीडशेपासून सव्वातीनशेपर्यंत जाते. आणि थांबवल्यावर त्रास होण्यासाठी रोजचे १०० मिलिग्रॅमही पुरतात. ‘मी काही चहाबाज नाही, दोन-तीन कपच घेतो’ म्हणणारा माणूसही या हिशेबात येतो.

शरीरात काय घडतं ते एसटीच्या उदाहरणाने नीट समजतं. जागेपणी मेंदूच्या पेशी काम करतात, तेव्हा ॲडिनोसिन नावाचं रसायन साचत जातं. पेशींवर त्याच्यासाठी ठरलेल्या जागा असतात. तिथे ते बसलं की मेंदूचं काम मंदावतं आणि झोप येऊ लागते. दिवसभराचा थकवा कळतो तो असा. कॅफीनची घडण ॲडिनोसिनशी इतकी मिळतीजुळती आहे की ते त्याच जागांवर जाऊन बसतं, पण पुढचं काम काही करत नाही. गाडी फलाटाला लागताच खिडकीतून सीटवर रुमाल टाकावा, तसं ते जागा अडवून ठेवतं. खरा प्रवासी उभाच राहतो. थकवा नाहीसा झालेला नसतो, त्याला बसायला जागा मिळत नसते, इतकंच. रोज असंच होऊ लागलं की शरीर त्यावर तोड काढतं आणि जागा वाढवतं. मग एका दिवशी चहा येत नाही. सगळे रुमाल उचलले जातात, आणि वाढलेल्या सगळ्या सीटांवर एकाच वेळी ॲडिनोसिन येऊन बसतं. पहिल्या दोन दिवसांची ती जड पेंग इथून येते. डोकेदुखीला याच गोष्टीची दुसरी बाजू कारण आहे. ॲडिनोसिनमुळे मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, कॅफीनमुळे आकसतात. अडीचशे मिलिग्रॅम कॅफीन मेंदूकडचा रक्तप्रवाह जवळजवळ पाव हिश्शाने कमी करू शकतं. आवळलेल्या रक्तवाहिन्या एकदम सैल होतात तेव्हा डोकं ठणकतं. काही दिवसांनी वाढीव जागा शरीर स्वतःच काढून टाकतं, आणि हिशेब पूर्ववत होतो.

सकाळच्या चहाने येणारी तरतरी ही मुळात काय आहे, हा प्रश्न यातूनच उभा राहतो. ब्रिस्टल विद्यापीठातील पीटर रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ३७९ जणांवर केलेल्या प्रयोगाचं उत्तर अनेकांना पटायला जड जाईल. रोज कॅफीन घेणारी माणसं ते घेतल्यावर जितकी तरतरीत होत, तितकी तरतरीत कॅफीन न घेणारी माणसं काहीही न घेता होती. रात्रभराच्या खंडाने आलेली मरगळ सकाळचा कप फक्त भरून काढतो, त्यापलीकडे फारसं काही देत नाही. चहा सोडू पाहणाऱ्याला हे आधी कळलं, तर आपण काही मौल्यवान गमावतो आहोत ही धास्ती पुष्कळ कमी होते.

सोडण्याच्या वाटा दोन. एक हळूहळू, दुसरी एकदम. शक्य असेल तिथे पहिलीच बरी. दोन ते चार आठवडे हाताशी घ्यावेत आणि दर तीन-चार दिवसांनी रोजच्या मात्रेतून थोडी थोडी वजा करत जावं. कुठला कप आधी सोडायचा, याला महत्त्व आहे. संध्याकाळचा आधी, सकाळचा सर्वांत शेवटी. कॅफीनची रक्तातली मात्रा निम्म्यावर यायला सरासरी पाच तास लागतात, म्हणजे सहाच्या चहाचा अर्धा ऐवज रात्री अकरालाही अंगात असतो. तो कप गेला की झोप सुधारते, आणि झोप सुधारलेली असली की पुढची कपात सोसते. सकाळचा कप रात्रीच्या लांब खंडानंतर येतो, म्हणून त्याची ओढ सर्वांत तीव्र असते. त्याला हात घालायची घाई करू नये.

स्वयंपाकघरात ही कपात पातेल्यातच करता येते. चार कपांच्या आधणाला चार चमचे पूड पडत असेल, तर आधी तीन, मग अडीच, मग दोन. आलं, गवती चहा, वेलची तेवढीच ठेवावी किंवा थोडी वाढवावी. रंग फिकट दिसतो म्हणून चहा जास्त वेळ उकळत ठेवण्याचा मोह होतो, तो आवरावा. दाणेदार पुडीतलं कॅफीन पहिल्या काही मिनिटांतच पाण्यात उतरतं, आणि उकळी वाढवली की उरलेलंही खेचलं जातं. बाहेर पूर्ण कपाऐवजी कटिंग घ्यावा. घरात एकाने सोडायचं ठरवलं तर सगळ्यांच्याच पातेल्यातली पूड अर्ध्या चमच्याने कमी झालेली पहिले दोन-तीन दिवस कुणाच्या लक्षातही येत नाही. हा अनुभव पुष्कळ घरांतला आहे.

एकदम सोडण्याची वेळ कधी आजारपणामुळे येते, कधी स्वभावामुळे. तेव्हा दिवस तरी निवडून घ्यावा. शेवटचा कप शुक्रवारी संध्याकाळी पाचला घेतला, तर विसाव्या ते पन्नासाव्या तासाचा काळ शनिवारी दुपारी एकपासून रविवारी संध्याकाळी सातपर्यंत येतो, आणि सोमवारी उताराला लागलेलं डोकं घेऊन कामावर जाता येतं. या दोन दिवसांत लांबच्या अंतरावर वाहन चालवू नये. पेंग नकळत येते, आणि द्रुतगती मार्गावर ती एकदाच येऊन भागतं. दुपारी झोप आली तर झोपावं. पाणी भरपूर प्यावं. सकाळी फिरून आल्याने डोकं थोडं हलकं होतं. सकाळच्या चहावर ज्यांचं पोट साफ होतं, त्यांनी त्याच वेळी कपभर गरम पाणी घ्यावं. गरम पेयाची सवय असते, ती तेवढ्याने बरीचशी भागते.

गोळी घेण्यात कमीपणा नाही, पण पाकिटाची मागची बाजू वाचावी. डोकेदुखीच्या काही लोकप्रिय गोळ्यांत वेदनाशामकाच्या जोडीला ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफीन असतं. चहा सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी अशी गोळी घेतली, की डोकं झटकन उतरतं आणि सोडलेला चहा मागच्या दाराने घरात येतो. साधं पॅरासिटामॉल, तेही बेताने, पुरेसं होतं. एक सूचना कळकळीने द्यायला हवी. मानसिक आजारावर लिथियम घेणाऱ्यांनी कॅफीन अचानक सोडलं तर रक्तातलं लिथियम वाढतं. क्लोझापिन घेणाऱ्यांच्या बाबतीत उलट, औषधाची मात्रा घटते. या दोघांनीही डॉक्टरांना सांगितल्याशिवाय चहात मोठा बदल करू नये. आणि डोकेदुखी विजेसारखी अचानक व असह्य असेल, सोबत ताप आणि मान ताठ असेल, जीभ किंवा हातपाय जड होत असतील, तर चहाला जबाबदार धरून घरी थांबू नये.

रुग्णालयात हा त्रास फार वेळा ओळखलाच जात नाही. शस्त्रक्रियेनंतर डोकं दुखतं म्हणणाऱ्या रुग्णांच्या बाबतीत १९९० च्या दशकात तपास झाला, आणि रोज जास्त कॅफीन घेणाऱ्यांना ती डोकेदुखी अधिक होते असं दिसलं. भुलीआधीच्या उपाशी राहण्याच्या नियमांत बिनदुधाचा चहा पाण्यासारखा धरला जातो, शस्त्रक्रियेच्या दोन तास आधीपर्यंत तो चालतो. दुधाच्या चहाला मात्र सहा तासांचं बंधन आहे. आपल्याकडे चहा म्हणजे दुधाचाच. त्यामुळे रात्री नऊपासून उपाशी असलेला, दुपारी दोनला भूल घेणारा माणूस किमान सतरा तास कॅफीनविना काढतो, आणि शुद्धीवर आल्यावर जे डोकं दुखतं ते भुलीच्या नावावर जमा होतं. कोरा चहा चालेल का, हे भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशी विचारून ठेवावं. चालणार नसेल, तर आठवडाभर आधीपासून मात्रा उतरवावी.

ऊसतोडीच्या फडावर किंवा बांधकामावर पहाटे निघणाऱ्यांचा प्रश्न निराळा आहे. तिथे गोड चहा हीच न्याहारी असते आणि तो भूक मारायला प्यायला जातो. दिवसाला पाच कप आणि कपाला दोन चमचे धरले, तर ५० ग्रॅम साखर आणि थोडं दूध एवढाच त्यातला आहार. अशा माणसाला चहा सोड म्हणणाऱ्याने आधी भाकरीची सोय पाहावी. रक्त कमी असलेल्या बायकांनाही चहा पूर्ण सोडण्याची सक्ती करायचं कारण नाही. अन्नातलं लोह अडवतात ती चहातली टॅनिनं, कॅफीन नव्हे. जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा टाळला तरी पुष्कळ फरक पडतो. गरोदरपणात मात्र कपात महत्त्वाची, कारण त्या काळात कॅफीन शरीराबाहेर पडायला फार वेळ लागतो आणि ते वारेतून बाळापर्यंत पोचतं.

रसायनाचा भाग आठवड्यात संपतो, पण चार वाजता हात पातेल्याकडे जायचा राहत नाही. गांधीजींनी आगाखान पॅलेसच्या बंदिवासात, १९४२ मध्ये, आरोग्यावर जे पुस्तक लिहिलं त्यात चहा, कॉफी आणि कोको यांपैकी कशाचीही शरीराला गरज नाही असं सांगितलं आहे. शरीरापुरतं ते खरंच आहे. पण चहाची वेळ ही शरीराची वेळ नसते. सासू झोपून उठायची आहे, मुलं शाळेतून यायची आहेत, त्या मधल्या पंधरा मिनिटांत बाई ओट्याशी उभी राहून बशीत चहा ओतते. तेवढ्या वेळात तिला कुणी काही सांगत नाही. चहा गेला आणि त्याबरोबर ती पंधरा मिनिटंही गेली, तर तिला सोडवत नाही, आणि याला मनाचा कमकुवतपणा म्हणणं अन्यायाचं आहे. म्हणून कप राहू द्यावा, आतलं बदलावं. गवती चहा आणि आल्याचा काढा, सुंठेचं दूध, धने-जिऱ्याचं गरम पाणी. पातेलं तेच, गाळणं तेच, वेळ तीच. सिडनीमध्ये झालेल्या एका प्रयोगात कॉफी थांबवलेल्यांना कॅफीनविरहित कॉफी दिली गेली, तीही ‘यात कॅफीन नाही’ असं स्पष्ट सांगून. तरीही त्यांचा त्रास काही काळ कमी झाला. वास, ऊब आणि हातातला कप यांनाही शरीर ओळखतं.

पाहुणचाराची अडचण मोठी आहे. ‘अर्धा तरी घ्या’ या आग्रहाला नाही म्हणणं मराठी माणसाला जड जातं, कारण चहा नाकारणं म्हणजे घर नाकारणं असं समोरच्याला वाटू शकतं. अशा वेळी कारणांची यादी देण्यापेक्षा दुसरं काहीतरी मागून घ्यावं. ‘चहा नको, पण कोकम सरबत असेल तर घेईन’ म्हटलं की यजमानाला करायला काही मिळतं आणि त्याचं मन राहतं.

दुसऱ्या आठवड्यात झोपेतला फरक कळू लागतो. जाग गजराआधी येते, आणि डोळे उघडल्यावर जे वाटतं ते उसनं नसतं. दुपारी थकवा येतो, पण तो केलेल्या कामाइतकाच असतो. सोडलेल्यांपैकी अनेकजण पुढे एखादा कप पुन्हा घेऊ लागतात, रविवारी सकाळी किंवा बऱ्याच दिवसांनी कुणी भेटल्यावर. त्यात काही बिघडत नाही. सवय मोडल्यावर तो कप जास्त चढतो, छातीत थोडं धडधडतं, म्हणून तो सकाळीच घ्यावा. आणि मग दिवस मोजावेत, कारण प्रयोगांत दिसलं आहे की सलग तीन दिवस कॅफीन घेतलं, तरी चौथ्या दिवशी ते नसल्यावर डोकं धरू शकतं.